सरकत्या दाराची कडी, आतून न उघडणारी

गेल्या गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता उरागामी-सानच्या घरातल्या भिंतकपाटाची कडी आतून उघडली.

हे झालं नाही.

मी वेड पांघरत नाहीये. पेटंट कायद्यात तसं कलमच आहे. शोध लावणाऱ्याने अर्ज करण्याआधी स्वतःच्याच भोळेपणाने तो जगाला सांगून टाकला, तर वर्षाच्या आत विनंती करता येते, की ही गोष्ट उघड झालीच नव्हती असं मानावं. आणि कार्यालय तसं मानतं. चारचौघांनी पाहिलेलं असतं, ऐकलेलं असतं, पण कागदोपत्री कुणी काही पाहिलेलं नसतं. इतकं समंजस कलम दुसऱ्या कुठल्या कायद्यात नाही. लग्नाच्या कायद्यात तर नाहीच, मी बघून ठेवलंय.

तेव्हा कडी उघडली नाही, दार बंद आहे, आणि मी पहिल्यापासून सांगतो.

मी ओसाकात होशिकावा सेन्सेईंच्या पेटंट कचेरीत शोधनीस आहे. कुणीतरी धापा टाकत येतो, म्हणतो हे जगात कुणीच केलेलं नाही. मग मी जुने अर्ज चाळतो आणि ते कुणी, कधी, कुठे केलं होतं ते शोधून त्याच्या हातात ठेवतो. मागच्या वर्षी एक गृहस्थ नूडल गार करायचा पंखा बसवलेल्या चॉपस्टिक घेऊन आले. त्यांच्या आधी अकरा जण होते. बारावे आपण, हे कळल्यावर ते जिन्यात बसून राहिले. जगात नवं काही नाही हे साधुसंतही सांगतात. आम्ही क्रमांकासकट सांगतो.

उरागामी मित्सुए आल्या त्या गेल्या वर्षीच्या मे महिन्यात. वय चोपन्न, हिगाशी-ओसाकातल्या गल्लीत स्वतःचा स्प्रिंगांचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन यंत्रं आणि त्या. बसल्या बसल्या त्यांनी पर्स उघडली आणि मला एक आल्याची गोळी दिली, सेन्सेईंना एक दिली, आणि कुणी नव्हतं त्या खुर्चीसमोरही एक ठेवली.

"कडी आहे," त्या म्हणाल्या. "सरकत्या दाराची. बाहेरून लावायची. आतून उघडता येऊ नये अशी."

"कुठल्या दाराची?" मी विचारलं.

"घरातल्या भिंतकपाटाच्या."

"आत काय असतं?"

"गाद्या."

"गाद्यांना बाहेर यायचंय का?"

त्यांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "गाद्यांना नाही," त्या म्हणाल्या.

सेन्सेई अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. ते म्हणाले, "नेझु-कुन, आत काय आहे ते पक्षकाराला विचारायचं नसतं. जोर किती आहे ते विचारायचं."

"जोर किती आहे?"

"सकाळी बेताचा. जेवणानंतर वाढतो. माझं जेवण झाल्यावर, म्हणजे."

"खिळे ठोकून पाहिलेत?"

"पाहिले की. दुसऱ्या दिवशी खिळे दारासमोर मांडून ठेवले होते. मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीत."

"कुलूप?"

"कुलूप उघडून बाजूला ठेवलं होतं. नवी चावी करून, तीही त्यालाच लावून." त्यांनी कागदात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली. तळहाताएवढी, दोन स्प्रिंगा एकमेकींच्या उलट पिळलेल्या, मधे एक जीभ. "ओळखीचं काही चालत नाही बघा तिथे. दोरी नाही, साखळी नाही, पट्टी नाही. ही मी डोक्याने काढली, कुणाचं बघून नाही. ही चालते. तीन महिने झाले."

"मग चालू द्या की. पेटंट कशाला?"

"वडील म्हणायचे, चाललेली वस्तू नोंदवावी. आणि मी सांगू कुणाला, नेझु-सान? पोलिसांना सांगितलं तर ते आधी माझी तब्येत विचारतील. पेटंट कार्यालय निदान वाचतं तरी. परिच्छेदांना आकडे घालून वाचतं. एखाद्या जाणकाराच्या नजरेला पडलं तर तो याहून चांगली कडी करेल. दारोदार जाऊन मदत मागायची म्हणजे लोकांना उगाच त्रास."

"घर सोडून का देत नाही?"

"भिंत सामाईक आहे हो. पलीकडे हामासाकींचं घर, तोफूवाले. त्यांचं भिंतकपाट माझ्या भिंतकपाटाला पाठ लावून आहे. मी गेले तर ते इकडचं सोडून तिकडे बघेल. दोघं नवरा-बायको ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांना काय येतंय कडी करायला?"

उठता उठता त्यांना आणखी एक आठवलं. "चौकटीवर जुनी भोकं आहेत. स्क्रूंची. सहा जागी. आधीच्या भाडेकरूंची असतील. उपयोगाचं आहे का काही?"

मी वहीत लिहिलं: *भोकं, सहा. संबंध नाही.*

ती वही अजून माझ्याकडे आहे. अक्षर छान आलंय.

अर्ज करण्याआधी शोध घेणं हे माझं काम, आणि मी ते केलं, पण हसत हसत केलं. दाराच्या कड्यांचा वर्ग उघडला. चोराला बाहेर ठेवणाऱ्या कड्या काही हजार होत्या. आत असलेल्याला आत ठेवणारी एकही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या दुकानातली ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीचं धिरडं, तव्यावरून उतरायची वेळ झाली होती, म्हणून मी अहवालात लिहिलं: 'संबंधित पूर्वीचे काही आढळले नाही.' सेन्सेईंनी अर्ज दाखल केला. त्यात त्यांनी आतल्या प्रकाराला 'आतील भार' असं सभ्य नाव दिलं.

दाखल झालेला अर्ज कार्यालयाच्या कपाटात अठरा महिने गुपचूप पडून राहतो. मग तो राजपत्रात आकृत्यांसकट छापला जातो, सगळ्या जगाला वाचायला. पेटंटचा सौदाच तो आहे: तू गुपित सांग, आम्ही राखण करतो.

यंदाच्या ऑक्टोबरात, म्हणजे सतरा महिने झाल्यावर, मी सशांच्या पिंजऱ्याची कडी शोधत होतो. दुसऱ्याच एका पक्षकाराची. त्यासाठी पाळीव जनावरांच्या गोठे-पिंजऱ्यांचा वर्ग चाळत होतो. जुने अर्ज नुसत्या पानांच्या तसबिरी असतात, शब्द घालून सापडत नाहीत, एकेक पान उलटावं लागतं. डुकरं, कोंबड्या, कोंबड्या, आणि मग एक आकृती. सरकतं दार. भिंतकपाट. बाहेरून लावायची कडी. आत गाद्या, नीट घड्या घातलेल्या, आणि गाद्यांच्या मागे नुसतंच काळं केलेलं.

शोवा साठ सालचा अर्ज, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा. मग मी तो वर्ग पुढे-मागे सगळा काढला. एकूण सहा निघाले. सहाही जणांना हे कुठल्या वर्गात घालावं कळलं नव्हतं, म्हणून सहाही जणांनी मुकाट्याने जनावरांत घातलं होतं.

सगळ्यात जुना शोवा एकोणपन्नासचा. जोर: 'लहान मुलाने ढकलावे इतका.' पुढचा, बारा किलो. मग तीस. मग पंचावन्न. मग नव्वद. सगळ्यात अलीकडचा हेसेई एकवीसचा, सोळा वर्षांपूर्वीचा, कुसुमोतो नावाच्या माणसाचा. त्यात लिहिलं होतं: 'मोजता आला नाही. वजनकाटा आत गेला.'

आणखी एक गोष्ट वाढत गेली होती. पहिला अर्जदार त्याला 'वस्तू' म्हणतो. तिसरा 'आतील पक्ष' म्हणतो. पाचवा 'आत असलेली व्यक्ती'. कुसुमोतोंच्या अर्जात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे 'आतील महोदय'.

पत्ते वेगवेगळे दिसत होते. मधे पालिकेने गल्लीतल्या घरांचे आकडे बदलले होते. जुना नकाशा काढून ताडून पाहिला. घर एकच होतं.

सहापैकी एकानेही पुढची पायरी गाठलेली नव्हती. अर्ज नुसता करून भागत नाही, मुदतीत 'आता तपासा' असा दुसरा कागद द्यावा लागतो. पूर्वी त्याला सात वर्षं मिळायची. सात वर्षांत त्या माणसांना एक कागद पाठवायला सवड झाली नव्हती. सहाही अर्जांवर एकच शेरा: 'मागे घेतला असे मानले.'

कुसुमोतोंच्या परिच्छेद चौथ्यात सगळं लिहिलेलं होतं. 'शेजारी सांगतात त्यानुसार, मागील कडी राजपत्रात प्रसिद्ध झाली त्याच दिवशी, आकृती दोनमध्ये दाखवल्याप्रमाणेच, कोणतीही मोडतोड न होता आतून उघडली गेली.' म्हणजे फोडली नाही. वाचून उघडली. खिळा जगाला माहीत आहे, म्हणून खिळा चालत नाही. कुलूप माहीत आहे, म्हणून कुलूप चालत नाही. जे जगात कुणाला ठाऊक नाही तेवढंच त्या दाराला धरतं, आणि ते धरतंय म्हटल्यावर प्रत्येकाने ते सभ्यपणे जाहीर केलं होतं.

कुसुमोतो हुशार होते. त्यांनी आकृतीत स्प्रिंग मुद्दाम उलटी काढली होती. कार्यालयाकडून पत्र आलं: आकृती तीन आणि परिच्छेद सतरा जुळत नाहीत, तीस दिवसांत दुरुस्त करावे. त्यांनी एकविसाव्या दिवशी दुरुस्त केलं. सोबत माफीपत्र जोडलं.

मी कागद घेऊन सेन्सेईंकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून सहाही वाचले, मग चष्मा लावून परत वाचले.

"आपला कधी छापला जाणार?"

"पुढच्या गुरुवारी."

"अर्ज मागे घे."

"सेन्सेई, छपाईची तयारी झाल्यावर मागे घेतला तरी छापतातच. तुम्हीच शिकवलंत."

"हो," ते म्हणाले. "चांगलं शिकवलं." आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. "नेझु-कुन, हे तुला आधी कसं नाही सापडलं?"

मी ओकोनोमियाकीबद्दल काही बोललो नाही.

त्याच दुपारी मी उरागामी-सानच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, दाइफुकू, तांदळाची मिठाई, कापून दिला. सहा कागद त्यांच्या पुढ्यात मांडले. त्या एकेक पान बघत म्हणाल्या, "हा माणूस चांगला कारागीर होता. हा घाईत होता. हा बघा, याला स्प्रिंगमधलं काही कळत नाही, पण जीभ छान घासलीय." मग उठून चौकटीपाशी गेल्या आणि भोकांवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. रागाने नाही. पावसाचं सांगितलं होतं आणि छत्री आणली नाहीत, अशा सुरात.

"सांगितलं होतंत."

आतून दारावर टकटक झाली. फार हळू. दवाखान्यात करतात तशी.

"जेवण झालंय ना माझं," त्या म्हणाल्या. "बरं, म्हणजे गुरुवारपर्यंत मला दुसरी कडी हवी. वेगळी."

"वेगळी आणि नवी. जगात कुणी केलेली नसावी. कुठेही, कधीही. असली तर तिचा उपयोग नाही."

"नवी आहे की नाही ते मला कसं कळणार? मी आपली स्प्रिंगा पिळणारी बाई. ते तुमचं काम." त्यांनी माझ्या हातात गोळी ठेवली. "या वेळी नीट बघा हं."

शुक्रवारी त्यांनी कडी आणून दाखवली. मी तिचं वर्णन करणार नाही; का ते आता उघड आहे. एवढंच सांगतो, की ती बसताना चार खटके वाजायचे, आणि चौथा खटका आपल्याला हवा तिथे वाजत नसे. मी नव्या-जुन्या सगळ्या पेटंटांत असलं काही बघितलेलं नव्हतं, पण मागच्या खेपेलाही मी हेच म्हणालो होतो.

शनिवार ते बुधवार मी शोधलं. दारं, खिडक्या, पिंजरे, तिजोऱ्या, शवपेट्या, पाणबुड्या. जर्मन घड्याळं. कोरियातले लोणच्याचे रांजण. घोड्यांचे लगाम, दातांच्या कवळ्या, पियानोची झाकणं. एका स्वीडिश माणसाने कधीकाळी वेड्या लोकांसाठी केलेली खुर्ची सापडली, तिचे दोन खटके जुळत होते. तिसरा जुळेना तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. सेन्सेईही शोधायला बसले. त्यांनी वीस वर्षांत स्वतः शोध घेतलेला नाही, ते एका बोटाने टाइप करतात. बुधवारी चार वाजता आम्ही दोघांनी अहवालावर शिक्के मारले. 'संबंधित पूर्वीचे काही आढळले नाही.' या वेळी ते खरं होतं.

मी फोन केला. "नवी आहे. बसवा. कुणाला सांगू नका, कुठे लिहू नका, आणि देवाशपथ अर्ज करू नका."

"काय बाई, मला काय वेड लागलंय सांगायला?" त्या म्हणाल्या. "आभारी आहे हं, नेझु-सान. घरच्यांना गोळ्या पाठवते."

गुरुवारी सकाळी राजपत्र निघालं. आमचा अर्ज त्यात होता, आकृत्या सुबक आल्या होत्या. अकराला फोन वाजला.

"जुनी उघडली!" उरागामी-सान कुजबुजत होत्या, पण आवाजात जत्रेला आल्यासारखा आनंद होता. "आत्ता, माझ्यासमोर. तुमच्या त्या आकृतीतल्यासारखीच, अगदी हळू. आणि नवी धरून आहे. नेझु-सान, नवी धरून आहे!"

मी सेन्सेईंना खूण केली. सेन्सेईंनी मूठ वर केली. आमच्या कचेरीत असं कधी होत नाही.

"आत काय चाललंय?"

"गप्प आहे. विचार करत असावं." कागद चुरगळल्याचा आवाज आला. गोळी सोलत होत्या. "बिचारं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा... थांबा."

मी थांबलो.

"खटका वाजला."

"कुठला?"

"पहिला." थोडा वेळ गेला. "दुसरा. नेझु-सान, हे याला कुणी सांगितलं? मी तर कुणाला—" मग त्या तोंडातल्या तोंडात "अरेच्चा" असं म्हणाल्या. भाजीला मीठ घातलं की नाही ते आठवत नसलं की बाया म्हणतात तसं. "ती पाटी," त्या म्हणाल्या.

तिसरा खटका मला फोनमधून ऐकू आला. चौथा वाजला तो कुठे वाजला, मला सांगता येणार नाही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

हे झालं नाही, हे मी वर म्हटलंच आहे.

मी पोचलो तेव्हा हामासाकी-सान दुकानासमोर पाणी मारत होते. त्यांच्या दाराला गल्लीची फिरती पाटी लटकत होती. सगळ्या गल्ल्यांत असते तीच: सूचना लावायची, घराघरातून फिरवायची, वाचली म्हणून आपल्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. कचऱ्याचे वार बदलले, कुणाचं मांजर हरवलं, असलं काही. वरच्या कागदावर उरागामी-सानचं रेखीव अक्षर होतं.

'गुरुवारी सकाळी माझ्या घरी भिंतकपाटाची नवी कडी बसवण्यात येत असून त्यामुळे खटक्यांचा चार वेळा आवाज होईल. आपणा सर्वांना होणाऱ्या त्रासाबद्दल आगाऊ मनापासून क्षमस्व. आवाज कशाचा हे समजून कुणाची झोप मोडू नये वा काळजी वाढू नये म्हणून आकृती सोबत जोडली आहे.'

आकृतीत सगळी मापं होती. मिलिमीटरमध्ये.

त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी आगाऊ माफी मागितली होती. स्वीडनपर्यंत जाऊन आलेला मी, गल्लीत पाटी फिरते हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या आईने तर न्हाणीघरात नवा बल्ब लावतानासुद्धा पाटी फिरवली होती.

"हामासाकी-सान, ही तुमच्याकडे कधी आली?"

"काल संध्याकाळी. आम्हीच शेवटचे. सकाळी परत द्यायला विसरू नये म्हणून भिंतकपाटात ठेवली होती." त्यांनी बादली खाली ठेवली. "का हो? उरागामी-सानही गेल्या की काय? त्या तरी सांगून जातील असं वाटलं होतं. या घरातले सगळे असेच. एक दिवस उठून चालू पडतात. निरोप नाही, मिठाईचा डबा नाही. कसली माणसं!"

मी शिक्के मोजले. गल्लीत सात घरं. कागदावर आठ शिक्के होते. आठवा सगळ्यात खाली, जरा लहान, शाई ताजी.

"हा कुसुमोतो कोण?" मी विचारलं. मला ठाऊक होतं. त्यांनी 'माहीत नाही' म्हणावं असं मला वाटत होतं.

"कुसुमोतो? ते आधीचे भाडेकरू. पंधरा-सोळा वर्षं झाली गेल्याला." त्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेली. "आले असतील कधी. शिक्का मात्र सरळ मारलाय हं. पूर्वी वाकडा मारायचे."

घराचं दार उघडंच होतं. आतल्या खोलीत गाद्या भिंतकपाटाबाहेर काढून रचून ठेवल्या होत्या, घड्या काठाला काठ जुळवून. सगळ्यात वर त्यांचा फोन, त्याच्या शेजारी एक काटा. वजन करायचा, स्प्रिंगचा, जुना. कड्या दोन्ही चौकटीवर लटकत होत्या, एक ओरखडा नव्हता. आणि दार बंद होतं. कुणीतरी आतून सावकाश सरकवून घेतल्यासारखं.

"उरागामी-सान?" मी म्हणालो.

आत कागद चुरगळल्याचा आवाज आला. मग दाराखालच्या फटीतून एक गोळी हळूच बाहेर आली. आल्याची.

ही सवय त्यांचीच. पण आता ही सवय त्या घरात कितीतरी वेळा, सगळ्यांच्या देखत, उघड झालेली आहे. तिच्यावर कुणाचा हक्क सांगता येणार नाही. मी गोळी उचलली, खाल्ली नाही.

तेव्हापासून मी दाराला पाठ लावून बसलोय. पाठ लावून दार धरणं हे मानवजातीइतकं जुनं आहे. सगळ्या जगाला माहीत असलेल्या गोष्टींत हिचा पहिला नंबर लागावा. तरी दार उघडत नाही. मला वाटतं, घाई नसावी. हामासाकी-सान दुपारी तोफू आणून देतात आणि मी नवा भाडेकरू का असं विचारतात. सेन्सेई फोनवर म्हणाले, कलम आहे, कलम लावू, फॉर्म मी भरतो, मजकूर तू सांग. मी सांगितला तो असा:

मा. आयुक्त, पेटंट कार्यालय, यांस

विषय: नवेपणा न गमावल्याचे मानण्याबाबत विनंती.

महोदय,

१. अर्जदार उरागामी मित्सुए यांची दुसरी कडी गल्लीच्या फिरत्या पाटीवरून उघड झाली, ती केवळ शेजाऱ्यांना त्रास होऊ नये या हेतूने. सबब ती उघड झाली नाही, व तो कागद सात घरांपैकी एकानेही आणि आठव्यानेही वाचला नाही, असे मानण्यात यावे.

२. त्या अर्थी सदर कडी अद्याप नवी असून गुरुवारी सव्वाअकरा वाजता बंद होती व आजही बंद आहे, असे मानण्यात यावे.

३. त्या अर्थी अर्जदार त्या वेळी दाराच्या बाहेरच्या बाजूस होत्या व आजही आहेत, असे मानण्यात यावे.

४. अर्जदाराचा शिक्का या विनंतीवर नाही. तो कोणाजवळ आहे हे सांगता येत नाही. यापुढे त्या शिक्क्याने काही मागणी आल्यास ती कितीही नम्र भाषेत असली तरी मान्य करू नये.

५. मागील शोधाचा अहवाल माझा होता. तो मी लिहिला नव्हता, असे मात्र मानू नये.

६. निकाल लागेपर्यंत दार धरण्यासाठी कार्यालयाने एक परीक्षक पाठवावा. कोणत्याही वर्गाचा चालेल. येताना त्याने कोणालाही पत्ता सांगू नये, आणि आधी कोणी बसलेले नाही अशा काही पद्धतीने बसता येत असल्यास तसे बसावे.